गावाचा सतरा सप्टेंबर कसा शोधावा

दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत झेंडा चढतो आणि भाषण जवळपास सगळीकडे एकच असतं: निजाम, रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ, सरदार पटेल, पोलीस ॲक्शन (निजामाच्या हैदराबाद राज्यावरची १९४८ ची भारतीय लष्कराची कारवाई). ते चूक नाही. पण त्या भाषणात आपलं गाव कुठेच नसतं. रझाकारीत, म्हणजे निजामाच्या बाजूच्या स्वयंसेवक फौजेच्या धामधुमीत, कोणती घरं गाव सोडून सरहद्दीपलीकडे गेली, लेव्हीच्या (सक्तीच्या धान्यवसुलीच्या) भीतीने धान्य कोणत्या पेवात दडवलं, लष्कराच्या गाड्या कोणत्या रस्त्याने आल्या, तिरंगा मारुतीच्या पारावर आधी लागला की चावडीवर, हे त्या गावाशिवाय कुणी लिहिणार नाही. ज्याला ते प्रत्यक्ष आठवतं, तो माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही. चारपाच जणांचा गट असेल तर एका गावाचं काम तीनचार महिन्यांच्या रविवारांत होतं.

आधी तारखांचा दोर बांधा

कुणाच्याही घरी जाण्याआधी एका कागदावर मोठ्या तारखा लिहून घ्या. नंतर ऐकलेली प्रत्येक गोष्ट या दोराला कुठेतरी अडकवायची असते.

१९३७ : परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन.
१९३८ : हैदराबाद स्टेट काँग्रेस, तिच्यावर स्थापनेआधीच बंदी, सत्याग्रह, त्याच वर्षी विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळ.
२९ ऑक्टोबर १९४६ : बिलोलीजवळ अर्जापूरला स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या.
७ ऑगस्ट १९४७ : ‘भारतात सामील व्हा’ दिन.
२९ नोव्हेंबर १९४७ : निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार.
३० जानेवारी १९४८ : उमरीच्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांचा हल्ला. गांधीजींची हत्याही याच दिवशीची, त्यामुळे नांदेडकडच्या लोकांच्या आठवणीत या दोन बातम्या एकत्र सापडतात.
१३ सप्टेंबर १९४८, सोमवार : भारतीय फौजा सरहद्द ओलांडून आत.
१७ सप्टेंबर, शुक्रवार : निजामाची युद्धबंदीची घोषणा. १८ सप्टेंबरला निजामाचे सेनापती जनरल एल एद्रूस यांची भारतीय फौजेचे मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती.

मराठवाड्यातल्या गावांसाठी त्या पाच दिवसांतला फौजेचा माग फार कामाचा आहे. सोलापूरच्या बाजूने आलेल्या फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि तुळजापूर घेतलं. लोहाऱ्याकडे जाताना पुराच्या नदीने तिला अडवलं. दुसऱ्या दिवशी फौज उमरग्याहून पुढे सरकली आणि तिकडे औरंगाबाद शरण आलं. जालना, लातूर, मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई) यांचा नंबर त्यानंतर लागला. आता उदाहरण घ्या. औशाजवळच्या गावात कुणी सांगितलं, ‘लष्कर आलं ते तेराव्या तारखेलाच,’ तर माणूस खोटं बोलत नाही. त्याने त्या दिवशी विमानाचा आवाज ऐकला असेल किंवा नळदुर्गची बातमी ऐकली असेल. ‘आलं’ म्हणजे गावात आलं की मुलखात आलं, एवढं विचारलं की गाठ सुटते.

म्हाताऱ्या माणसाला तारीख विचारू नका

तारीख विचारली की तो १७ सप्टेंबर हेच उत्तर देणार, कारण पाऊणशे वर्षं तेच ऐकलंय. त्याऐवजी सण आणि शेत विचारा. १९४८ चा पोळा ३ सप्टेंबरला होता आणि १७ सप्टेंबर म्हणजे अनंत चतुर्दशी. म्हणजे ॲक्शनचे ते पाचही दिवस गणपती घरात बसलेले असताना गेले. ‘गणपती शिरवायच्या आधी का नंतर?’ या एका प्रश्नाने घटना युद्धबंदीच्या अलीकडे की पलीकडे ते ठरतं. दसरा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला आणि दिवाळीची अमावास्या १ नोव्हेंबरला. मुसलमान कुटुंबांत विचारताना लक्षात ठेवा : रमजान ईद ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होऊन गेली होती, बकरी ईद ऑक्टोबरच्या मध्यावर होती. ‘त्या साली बकरीदीला घरी होतात का?’ या प्रश्नाचं उत्तर पुढच्या दहा प्रश्नांची वाट उघडतं.

शेताकडूनही तेवढीच मदत होते. मूग-उडीद खळ्यावर आले होते का, ज्वारी किती उंच होती, वाट चिखलाची होती का. ‘ज्वारीत लपून बसलो’ असं कुणी सांगितलं आणि घटना मे महिन्यातली म्हणत असेल, तर महिना चुकलाय. उन्हाळ्यात वावरात लपण्याइतकी ज्वारी उभी नसते.

बसणं आणि ऐकणं

एका बैठकीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरेत. त्यानंतर माणूस थकतो आणि थकलेला माणूस भाषणातली वाक्यं बोलू लागतो. दोन किंवा तीन बैठका ठरवा आणि मधे आठवडाभर जाऊ द्या. पहिल्या बैठकीनंतर रात्री आठवणी येतात. दुसऱ्या बैठकीत मिळतं ते बहुतेकदा जास्त खरं असतं.

ध्वनिमुद्रणाला साधा मोबाइल चालतो. तो विमान मोडवर टाका, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या पंच्यावर ठेवा. लाकडी बाजेवर किंवा पत्र्याच्या खुर्चीवर ठेवला तर प्रत्येक हालचालीचा ठोका रेकॉर्ड होतो. छताचा पंखा बंद करा. पत्र्याच्या खोलीत बसण्यापेक्षा वसरीत बसा, आवाज घुमत नाही. शक्य असेल तर वेव्ह स्वरूपात मुद्रण करा. एका वाहिनीचं तासभराचं मुद्रण साधारण तीनशे एमबी होतं, तेवढी जागा आधी मोकळी करून ठेवा. सुरुवातीला मुद्रणातच गाव, दिवस, बोलणाऱ्याचं नाव, वय आणि ‘हे जपून ठेवायला आणि छापायला माझी हरकत नाही’ हे त्याच्या तोंडून येऊ द्या. संमती कागदावर घेतली तरी ही आवाजातली संमती सोडू नका.

सगळ्यात जास्त काम पहिल्या प्रश्नावर बिघडतं. ‘रझाकारांनी काय काय अत्याचार केले?’ असं विचारलं की समोरचा माणूस आपल्याला हवं ते द्यायला लागतो. ‘तवा घरात कोण कोण होतं? वाडा कुठं, विहीर कुठं?’ इथून सुरू करा. मग गावातली दुकानं, शाळा, पोलीस पाटील, आठवडी बाजार. माणूस जागेवर पोचला की घटना आपोआप येते. मधे बोलू नका, दुरुस्ती करू नका, शेजारच्या नातवाला ‘आजोबा, ते बंदुकीचं सांगा ना’ असं टोकू देऊ नका. शक्य असेल तर बैठकीआधीच नातवाला बाजूला घेऊन समजवा.

आणि एक गोष्ट मुद्दाम : फक्त वाड्यातल्या माणसांशी बोललात तर वाड्याचाच इतिहास मिळेल. महारवाडा, मांगवाडा, तांडा, मोमीन गल्ली, बलुतेदारांची घरं, सगळीकडे जा. बायकांशी वेगळं बसा, पुरुष समोर नसताना. कुठल्या बाया कुणाच्या माहेरी नेऊन ठेवल्या, लेकरं कशी गप्प ठेवली, दागिने कुठे पुरले, हे त्यांनाच ठाऊक असतं. माहेर सरहद्दीपलीकडे बार्शी, पाथर्डी किंवा उमरखेड भागात असलेली घरं आधी गाठा, कारण परागंदा होण्याच्या वाटा बहुतेक सोयरिकीच्या वाटांनीच गेल्या.

मुद्रण उतरवून घेताना बोली तशीच ठेवा. ‘आमी तवा लहान व्हतो’ याचं ‘आम्ही तेव्हा लहान होतो’ केलं की निम्मा पुरावा गेला. कोणता शब्द कोणत्या गल्लीचा, हे पुढे वाचणाऱ्याला कळत नाही. एका तासाचं मुद्रण उतरवायला पाचसहा तास लागतात हे धरून वाटणी करा.

फसली सालाचा घोळ

निजामी कागद हातात आला की पहिली अडचण सालाची. हैदराबाद राज्याचं सरकारी साल फसली होतं आणि ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. महिने या क्रमाने : आझर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. आझर म्हणजे साधारण ऑक्टोबर, आबान म्हणजे साधारण सप्टेंबर.

इसवी साल काढताना लोक सरसकट ५९० मिळवतात आणि तिथेच एका वर्षाची चूक होते. ५९० फक्त आझर, दै आणि बहमनच्या डिसेंबरातल्या दिवसांसाठी, म्हणजे डिसेंबर संपेपर्यंत. त्यापुढे ५९१. १५ दै १३५७ म्हणजे नोव्हेंबर १९४७. ५ तीर १३५७ म्हणजे मे १९४८. युद्धबंदीचा दिवस आबान १३५७ मध्ये येतो. पडताळ्याला एक ठाम उदाहरण लक्षात ठेवा : जहागिरी रद्द करणारा कायदा ऑगस्ट १९४९ चा आणि त्याच्या नावातच १३५८ फसली आहे. १३५८ मध्ये ५९१ मिळवा, १९४९ येतं. कागदावर महिना नसेल तर एकच साल लिहू नका, ‘१९४७-४८’ असं जोडसाल लिहा.

कागदावर हिजरी साल असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, साल अंदाजे मिळतं. १३६७ हिजरीचं १९४८ येतं. शके असेल तर ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुनात बहुधा ७९. घरगुती मोडी कागदांत हे तिन्ही प्रकार एकत्र सापडू शकतात.

रकमांचंही तसंच. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा रुपया कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. ‘सातशे रुपये दंड झाला’ असं कागदावर दिसलं तर तो हाली असण्याची शक्यता जास्त, म्हणजे कलदार सहाशे. सरहद्दीच्या गावांत दोन्ही नाणी चालत, त्यामुळे तिथे विचारल्याशिवाय धरून चालू नका.

कोणत्या दप्तरात काय मिळतं

आधी तुमचा तालुका तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होता ते पाहा. मराठवाड्याचे तेव्हा पाचच जिल्हे : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला वेगळा झाला. पण खरी फसगत सीमेवर होते. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादेत. या गावांचे जुने जिल्हा कागद शोधताना नांदेड-लातूरमध्ये काही मिळालं नाही म्हणून थांबू नका. अंबाजोगाई जुन्या कागदात मोमिनाबाद म्हणून येते, हेही टिपून ठेवा. यादीत ‘अंबाजोगाई’ शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही.

गाव खालसा म्हणजे दिवाणी (थेट सरकारच्या ताब्यातलं) होतं, सर्फे खासचं होतं, पायगा (निजामाच्या बड्या सरदार घराण्यांचं) होतं की जहागीर, हे दुसरं. सर्फे खास म्हणजे निजामाची खासगी मिळकत. त्यावर महसूल कोण गोळा करी, जुलमाची तक्रार कुणाकडे जाई आणि कागद कुठे राहिले, हे सगळं ठरतं. गावातल्या इनामदाराच्या घरी मुन्तखब (इनामाच्या चौकशीचा सरकारी दाखला) असेल तर त्यात इनामाचा प्रकार आणि वारस स्पष्ट लिहिलेले असतात.

तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पाहणी पत्रक मागा. ते पन्नाशीच्या मध्याचं आहे, पण ॲक्शननंतर जमीन कुणाच्या ताब्यात होती याचं ते पहिलं सविस्तर चित्र आहे. मागताना जुना सर्व्हे नंबर लागतो. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो, एकत्रीकरणानंतरचा. म्हणून आधी गट आणि सर्व्हे नंबरांचा ताळमेळ सांगणारा उतारा काढा. तो न काढता अर्ज केला तर ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा येतो आणि महिना फुकट जातो.

माहितीचा अधिकार वापरायचा तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एका अर्जात एकच विषय ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवा. महाराष्ट्राच्या नियमात तशी अट आहे. उत्तराची मुदत तीस दिवस. ‘मुक्तिसंग्रामाची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज निष्फळ ठरतो. ‘अमुक गावाच्या अमुक सर्व्हे नंबरची खासरा पाहणी पत्रकातील नोंद’ असा नेमका मागा.

गावच्या जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर फार कमी लोक उघडतात. त्यात प्रवेशाच्या आणि नाव कमी केल्याच्या तारखा असतात. १९४७-४८ मध्ये एकदम दहापंधरा मुलांची नावं कमी झाली असतील, तर ती कुटुंबं त्या महिन्यात गाव सोडून गेली, याचा तो तारखेनिशी पुरावा. मुख्याध्यापकांच्या परवानगीने तिथेच फोटो काढा, रजिस्टर घरी नेऊ नका.

जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या मानधनाच्या फायली उपयोगी आहेत, पण सावध राहून वाचा. भूमिगत राहिलेल्या माणसाकडे तुरुंगाचा दाखला नसतो, म्हणून दुसऱ्या सैनिकाचं शपथपत्र जोडलेलं असतं. योजनेच्या अटींत बसावं म्हणून हकीकत ठरावीक शब्दांत लिहिली जाई. चार अर्जांत तेच जाळलेले नाके, तीच तोडलेली शिंदीची झाडं, तेच वाक्य दिसलं तर तो चौघांचा पुरावा धरू नका, एकाचाच धरा. शिक्षा झालेल्यांसाठी तुरुंगाची नोंद शोधा. मराठवाड्यातले सत्याग्रही औरंगाबादशिवाय गुलबर्गा, निजामाबाद आणि हैदराबादच्या चंचलगुडा तुरुंगातही होते, म्हणजे आज तीन राज्यांत. निजामी राज्याचे मध्यवर्ती कागद हैदराबादेत तारनाक्याच्या तेलंगणा राज्य पुराभिलेखागारात आहेत. छत्रपती संभाजीनगरला महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाची शाखा आहे, तिथून सुरुवात करणं सोयीचं. वर्तमानपत्रांत आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेलं ‘मराठवाडा’ पाहाच. बंदी आली की ते वेगळ्या नावाने निघे, म्हणून एकाच नावाची फाइल पाहून ‘त्या महिन्यात अंक नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

उर्दू कागद शिकस्ता, म्हणजे भरभर जोडून लिहिलेल्या, वळणाचे असतात. छापील उर्दू वाचणाऱ्यालाही ते अडतात. निवृत्त महसुली कारकून किंवा जुन्या पिढीतला मौलवी शोधा आणि मूळ कागद न देता मोठी छापील प्रत द्या. आकडे ‘रकम’ चिन्हांत (हिशेबाच्या जुन्या अंकखुणांत) असतील तर ते वेगळ्या जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने लिहू नका. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, बरोबर वरून, कडेला फूटपट्टी ठेवून घ्या. फाइलला नाव साल, गाव, कागदाचा प्रकार, पान या क्रमाने द्या.

चाळणी

प्रत्येक घटनेचा एक कागद करा : काय झालं, कुठे, कधी, कुणी सांगितलं, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं. दोन वेगळ्या वाटांनी आलेला पुरावा असेल तरच घटना ठामपणे लिहा. एकाच घरातले दोन भाऊ म्हणजे एकच वाट. हुतात्मा स्तंभावरचा मजकूर आणि त्यावरून केलेलं भाषण, हीही एकच.

‘रझाकार’ या शब्दावर विशेष थांबा. गावाच्या आठवणीत रझाकार, निजामाचं लष्कर, पोलीस, करोडगिरी (जकात) नाक्यावरचे शिपाई आणि सावकारी करणारे रोहिले हे सगळे एकाच शब्दात गेले आहेत. रझाकार ही इत्तेहादुल मुसलमीनची स्वयंसेवक फौज, तिचा म्होरक्या लातूरला वकिली करणारा कासीम रझवी. त्यामुळे कपडे कोणते, शस्त्र कोणतं, माणसं ओळखीची होती की बाहेरची, हुकूम कोण देत होतं, हे विचारून मगच शब्द लावा. रझवी स्वतः आपल्या गावात आला होता, ही आठवण किती तरी गावांत मिळते. दुसरा पुरावा नसेल तर ती ‘गावात असं सांगतात’ म्हणूनच लिहा.

आणि सप्टेंबरनंतरचं पान कोरं ठेवू नका. ॲक्शननंतर अनेक गावांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली, जमिनी आणि घरं गेली. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने राज्यभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावं लिहिली. अहवाल अनेक दशकं लोकांपुढे आला नाही. गोळीने गेलेला सत्याग्रही आणि विहिरीत सापडलेला निरपराध विणकर, दोघेही त्याच गावचे होते. ही हकीकत घेताना कुटुंबाला घाई करू नका, मुद्रण नको म्हणाले तर बंद ठेवा. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्या आजच्या वारसांची नावं छापू नका. घटना, जागा आणि काळ लिहिला तरी इतिहास पुरा होतो. छपाईआधी ज्याची हकीकत त्याला ती मोठ्याने वाचून दाखवा. तेव्हा एखादं नाव दुरुस्त होतं, एखादं काढायला सांगतात, आणि बऱ्याचदा तिथेच नवा धागा हाती येतो.

पुस्तिका छापताना पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, नाही तर शेवटी कोरी पानं उरतात किंवा मजकूर कापावा लागतो. गावाचा हाताने काढलेला नकाशा आत हवाच : वेस, गढी, चावडी, विहिरी, नाका, पळून गेल्याच्या वाटा. मूळ ध्वनिमुद्रणं आणि फोटो दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक संच तालुक्याच्या वाचनालयात द्या आणि एक छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातल्या इतिहास विभागात. देताना कुणाचं मुद्रण किती वर्षं बंद ठेवायचं, हे पाकिटावर शाईने लिहून द्या.